कुलूपबंद घरातलं रेकॉर्डिंग

गावाकडच्या बंद घरात कॅमेरे बसवले की बहुतेकांचं सगळं लक्ष मोबाइलवर चित्र दिसतं की नाही याकडे असतं. चित्र दिसलं की बसवणारा पैसे घेऊन जातो आणि घरचेही निर्धास्त होतात. पण चोरी झाल्यावर लागतं ते परवा रात्रीचं चित्र. ते साठवलं जातंय की नाही, हे लाइव्ह चित्र बघून अजिबात कळत नाही.

आमचं घर गुहागर तालुक्यात, आम्ही पुण्याला. पावसाळ्याच्या तोंडाशी विहिरीवरचा पंप आणि कोठीतली तांब्याची घंगाळं, हंडे चोरीला गेले. सकाळी शेजारच्या काकांचा फोन आला तेव्हा मोबाइलवर चारही कॅमेरे व्यवस्थित चालू होते. खळं दिसत होतं, गडग्यातलं बेडं (फाटक) दिसत होतं. मागचं बघायला गेलो तर काहीच नाही. एनव्हीआरमधली, म्हणजे कॅमेऱ्यांचं चित्र साठवणाऱ्या यंत्रातली, हार्ड डिस्क कधीच बंद पडली होती. डिस्क बिघडली की हे यंत्र बझर वाजवतं. तसा तो वाजतही होता, पण बंद माजघरात. काकूंना अधूनमधून ऐकू यायचा. इन्व्हर्टरचा आवाज असेल असं त्यांना वाटलं. बिघाडाची सूचना मोबाइलवर पाठवायची सोय त्या यंत्रात होती. बसवणाऱ्याने ती चालू केली नव्हती, सांगितलीही नव्हती.

म्हणून माझं कळकळीचं सांगणं आहे: डिस्क बिघडल्याची, डिस्क भरल्याची आणि कॅमेऱ्याचा संपर्क तुटल्याची सूचना बसवणारा दारात असतानाच चालू करून घ्या. त्याच्यासमोर एका कॅमेऱ्याची वायर काढा आणि मोबाइल वाजतो का बघा. पुढेही महिन्यातून एकदा तरी आदल्या रात्रीचं दोन-अडीचचं रेकॉर्डिंग उघडून बघायचं.

डिस्क किती मोठी घ्यायची याचा हिशोब सोपा आहे. 2 मेगापिक्सेलचा कॅमेरा 2 एमबीपीएसने सतत रेकॉर्ड करत असेल तर दिवसाला साधारण 21 जीबी जागा खातो. चार कॅमेरे असतील तर 1 टीबीची डिस्क साडेअकरा दिवसांत भरते आणि सर्वांत जुनं पुसून त्यावर नवं लिहायला लागते. गणपतीनंतर थेट दिवाळीला घर उघडणाऱ्या माणसाला साडेअकरा दिवस काय पुरणार? एच.265 पद्धतीने साठवलं तर जागा जवळपास निम्मी लागते. तरीही 4 टीबीपेक्षा कमी घेऊ नये असं माझं मत आहे. डिस्कही कॅमेऱ्यांसाठी बनवलेलीच मागा. कॉम्प्युटरची साधी डिस्क अहोरात्र लिहिण्यासाठी केलेली नसते. फक्त हालचाल झाली की रेकॉर्ड करायची सोय शहरात ठीक आहे. कोकणात माडाच्या झावळ्या हलतात, पाऊस तिरका येतो, आणि रात्री कॅमेऱ्याच्या अदृश्य प्रकाशाभोवती किडे जमतात म्हणून कोळी नेमकं काचेसमोर जाळं विणतो. हालचालीच्या सूचनांचा असा भडिमार होतो की दोन दिवसांत माणूस त्या बंदच करतो. सतत रेकॉर्डिंग ठेवा, आणि कॅमेऱ्यांवरचं जाळं काढायला कुणाला तरी सांगून ठेवा.

एनव्हीआर टीव्हीखाली ठेवायचा नाही. चोराला तो पहिला दिसतो आणि तो गेला की सगळंच गेलं. माळ्यावर कौलांखाली उन्हाळ्यात यंत्र भाजून निघतं, म्हणून आतल्या खोलीतलं हवा खेळती राहील असं कुलपाचं कपाट बरं. शिवाय प्रत्येक कॅमेऱ्यात मेमरी कार्ड घाला. एनव्हीआर उचलून नेला तरी कार्डावर काही दिवसांचं उरतं.

खरी परीक्षा विजेची आहे. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा रायगडात आणि दापोली-मंडणगडकडे कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात होती. तेवढ्याला कुठलाच इन्व्हर्टर पुरणार नाही, पण विजेच्या रोजच्या जाण्यायेण्याला नक्की पुरतो. एनव्हीआर, स्विच, राउटर आणि चार कॅमेरे मिळून पन्नासेक वॅट लागतात. 150 एएचच्या चांगल्या बॅटरीवर एवढंच चालू ठेवलं तर जवळपास एक दिवस निघतो. त्याच लाइनवर फ्रिज असेल तर काही तासांतच बॅटरी बसते. कॅमेऱ्यांची लाइन वेगळी काढून घ्या. बॅटरीत पाणी कोण घालणार तेही ठरवा.

वीज पडण्याचा धोका मेन बंद करून टळत नाही. झंझावात आला की घराकडे बघणारे तात्या मेन स्विच पाडतात, आणि ते बरोबरच करतात. पण बेड्यापर्यंत गेलेली लांब लॅन केबलही विजेचा धक्का आत आणते. त्या केबलला सर्ज प्रोटेक्टर आणि घराला नीट अर्थिंग हवंच. बेडं दूर असेल तर तेवढ्या टप्प्याला फायबर टाकावी, काच वीज वाहून नेत नाही. लॅन केबल तशीही 100 मीटरपर्यंतच भरवशाची. वायफायवर विसंबू नका, चिऱ्याच्या जाड भिंतीतून ते पलीकडे पोचत नाही. समुद्राजवळ केबलचे जोड खाऱ्या हवेने हिरवे पडतात, ते बंद डबीतच हवेत.

इंटरनेट गेलं तरी रेकॉर्डिंग थांबता कामा नये, म्हणून सगळी मदार क्लाउडवर ठेवू नये. सिमवर चालणारा राउटर असेल तर रिचार्जची तारीख लिहून ठेवा. नेटला जोडलेल्या कॅमेऱ्यांचा आणि एनव्हीआरचा पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला: 2016 साली मिराई नावाच्या व्हायरसने कारखान्यातले पासवर्ड तसेच ठेवलेले लाखो कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले होते.

पोलीस पंचनाम्याला आले की रेकॉर्डिंग मागतात. कॅमेऱ्याचं घड्याळ वीस मिनिटं चुकलेलं असेल तर तिथेच शंका सुरू होते, म्हणून वेळ नेटवरून आपोआप जुळेल असं ठेवा. जालन्याच्या निवडणुकीवरून झालेल्या खोतकर विरुद्ध गोरंट्याल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट सांगितलं, की मूळ यंत्र कोर्टात आणलं नाही तर रेकॉर्डिंगच्या प्रतीसोबत प्रमाणपत्र लागतंच. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात कलम 63 साठीच्या त्या प्रमाणपत्राचा नमुना अनुसूचीत दिला आहे. त्यात फाइलचा हॅश, म्हणजे तिची डिजिटल ओळखखूण, हीही द्यावी लागते. चोरी कळताच आधी त्या वेळची क्लिप पेन ड्राइव्हवर उतरवून घ्या, नाहीतर डिस्क फिरून तिच्यावर नवं लिहील.

आणि कॅमेऱ्याचं तोंड आपल्याच आवारात राहू द्या. शेजारच्या विहिरीवर बायका धुणं धुतात, तिकडे ते वळता कामा नये. आम्ही चारही कॅमेऱ्यांची चित्रं काका-काकूंना आणि तात्यांना दाखवली, आणि काकूंनी सांगितल्यावर एक कॅमेरा थोडा खाली वळवला.