पुढच्या एक्सलमध्ये कोणते तेल?

प्रश्न : द्राक्षबागेसाठी फोर व्हील ड्राइव्हचा मिनी ट्रॅक्टर घेतला आहे. पुढच्या एक्सलमध्ये ९० नंबरचे गिअर ऑइल घालावे, की मागच्या हायड्रॉलिकचेच तेल चालेल?
– एक वाचक, निफाड

उत्तर : आधी मॅन्युअल उघडा. काही कंपन्या ८०डब्ल्यू-९० गिअर ऑइल सांगतात, काही ट्रान्समिशन-हायड्रॉलिकचे तेल (यूटीटीओ), तर काहींना दोन्ही चालतात. दोन्ही चालत असतील, तर मी गिअर ऑइलच घालीन. मागच्या भागात ट्रान्समिशनच्याच तेलावर हायड्रॉलिक पंप आणि तेलात बुडालेले ब्रेक चालतात, म्हणून तिथे खास तेल लागते. तुमच्या पुढच्या एक्सलमध्ये बहुधा फक्त बेव्हल गिअर आणि बेअरिंग आहेत. शेतात ओढ लागली, की दातांवर प्रचंड दाब येतो. तो झेलणारी रसायने गिअर ऑइलमध्ये भरपूर असतात. डब्यावर जीएल-४ की जीएल-५, हे मात्र मॅन्युअलशी ताडून घ्या. जीएल-५ मधील काही रसायने पितळी भागांना बाधू शकतात.

दोन तेले मिसळू नका. बदलताना जुने गरम असतानाच सोडा आणि दोन्ही चाकांकडचे ड्रेन प्लगही उघडा, नाहीतर गाळ तिथेच राहतो. तेल दुधाळ दिसले, तर पाणी शिरले आहे. अशा वेळी सील आणि ब्रीदर तपासल्याशिवाय नवे तेल भरणे म्हणजे पैसे वाया घालवणे. किंगपिन आणि पिव्होटला ग्रीस वेगळे द्यावे लागते. धुलाईनंतर तर नक्कीच द्या.