लोपामुद्रा : नाव अशुभ नाही

प्रश्न : सुनेला नातीचं नाव लोपामुद्रा ठेवायचंय. पण 'लोप' म्हणजे नाश. हे अशुभ नाही का?
– एक आजी, अमरावती

उत्तर : आजी, शंका सोडा. लोपामुद्रा ही ऋग्वेदातली ऋषिका. पहिल्या मंडलातल्या 179व्या सूक्तात तिचा अगस्त्य ऋषींशी संवाद आहे. महाभारतात तर ती तुमच्याच विदर्भाची राजकन्या! अगस्त्यांनी निरनिराळ्या प्राण्यांचे सुंदर अवयव घेऊन तिला घडवलं. तिच्यापुढे त्या प्राण्यांच्या सौंदर्याच्या मुद्रा लोपल्या, म्हणून हे नाव, असं परंपरा सांगते. म्हणजे लोप झाला तो इतरांच्या रूपाचा, तिचा नव्हे. गायिका लोपामुद्रा मित्र यांच्यामुळे बंगालमध्ये नाव ओळखीचं आहे, आपल्याकडे विरळाच. मला ते फार आवडतं. घरात 'लोपा' म्हणा. फक्त जन्मदाखल्यावर आणि आधारवर इंग्रजी स्पेलिंग एकच ठेवा.