धुरा घालण्याआधी

चिखली

चि. भाचेबाईस,

तुझा फोन आला तेव्हा गिऱ्हाईक समोर होतं, म्हणून धड बोलता आलं नाही. नव्या लॅपटॉपवर ५१२ जीबीऐवजी ४७६च दिसतात, दुकानदारानं फसवलं का, असं तू तीनदा विचारलंस. नाही फसवलं. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४च्या. मोजणीची साखळी वेगळी, वावर तेवढंच.

आता वाटणीचं. होस्टेलवरच्या मुली सी, डी, ई, एफ असे चार ड्राइव्ह कर म्हणतात. हा सल्ला माझ्या काळातला. तेव्हा विंडोज वरचेवर बिघडायची, सी फॉर्मॅट करून ती नव्यानं टाकावी लागायची, म्हणून कामाच्या फायली डीमध्ये ठेवायच्या. (ए आणि बी ही अक्षरं फ्लॉपीची. तू फ्लॉपी पाहिलीही नसशील.)

मीही तेच केलं होतं. माझ्या दुकानातल्या ४० जीबीच्या डिस्कचे चार सारखे हिस्से, भावाभावांत पाडावेत तसे. सहा महिन्यांत सी तुडुंब, एफ पडीक. सी वाढवायला गेलो तर मध्ये डी उभा. विंडोज सीला लगतची, उजवीकडचीच मोकळी जागा देते. मधले धुरे ओलांडून पलीकडची देत नाही. तेही निभावलं असतं. पण मी लग्नपत्रिका डीमध्ये ठेवायचो, त्यांची नक्कल एफमध्ये, आणि स्वतःला शहाणा समजायचो. लोडशेडिंगचे दिवस, ऐन लग्नसराई. वीज दोनदा आली-गेली आणि डिस्क टकटक वाजू लागली. चारही ड्राइव्ह एकदम गेले. रात्र रात्र जागून पत्रिका पुन्हा टाइप केल्या. आबांना सांगितलं तर म्हणाले, "वावर एकच ना? मग गारपीट काय धुरा पाहून पडते?"

तेव्हा नक्कल हवी ती दुसऱ्या डिस्कवर, आणि ती डिस्क लॅपटॉपच्या बॅगेत नको. बॅग हरवली तर दोन्ही जातील.

तुझ्या डिस्कचे हिस्से पाडूच नकोस, असं माझं स्पष्ट मत. अभ्यास, फोटो, प्रोजेक्ट यांचे फोल्डर कर, पुरे. जुन्या पद्धतीत चारच मुख्य हिस्से पडायचे. तुझी डिस्क जीपीटीची, तिच्यावर विंडोज १२८ पाडू देते. पाडू देते म्हणून पाडायचे नसतात. जमिनीचे बारीक तुकडे झाले की वहिती परवडत नाही, म्हणून तर १९४७ साली तुकडेबंदीचा कायदा झाला. डिस्कवर तसा कायदा नाही, अक्कल आपलीच वापरायची.

डिस्क मॅनेजमेंट उघडलंस तर सीच्या आजूबाजूला छोटे, नावगाव नसलेले हिस्से दिसतील. फुकट अडलेली जागा म्हणून ते पुसू नकोस. त्यांतला ईएफआयचा हिस्सा म्हणजे आपली पांदण. तिच्यात पीक नाही, पण ती मोडली तर वावरात पोचणार कशी? लॅपटॉप सुरूच व्हायचा नाही.

लिनक्सचं म्हणशील, तर पहिल्या वर्षाला विंडोजच्या आत चालणारं डब्ल्यूएसएल पुरतं. त्याला वेगळा हिस्सा लागत नाही. पुढे खरंच गरज पडली तर विंडोजमधूनच सी शंभरेक जीबीनं लहान कर आणि ती जागा मोकळी सोड. त्याआधी बिटलॉकरची रिकव्हरी की कागदावर उतरवून घे. कित्येक नव्या लॅपटॉपवर डिस्क आधीच कुलूपबंद येते, आणि किल्ली मागितली की पोरं एकमेकांची तोंडं पाहतात. फास्ट स्टार्टअपही बंद कर, नाहीतर विंडोज पुरती बंद होत नाही आणि लिनक्स तिच्या फायलींना हात लावताना अडखळतं.

रविवारी येच. माझ्याकडे एक बाहेरची डिस्क रिकामी पडली आहे, ती घेऊन जा. खामगावला बस बदलल्यावर लॅपटॉप मांडीवर घे, वरच्या कॅरिअरवर टाकू नकोस.

तुझा,
मामा