पूर्ण वर्तमानकाळ : ‘राहिले’ कीं ‘राहत आले आहेत’?

विद्यार्थिमित्रहो, इंग्रजी निबंधाच्या वह्या तपासतांना एक वाक्य आम्हांस वरचेवर भेटतें : ‘माय ग्रँडफादर इज लिव्हिंग इन जिवती सिन्स फॉर्टी इयर्स.’ लिहिणारा आळशी नसतो. तो मराठींत विचार करतो, इतकेंच. ‘आजोबा चाळीस वर्षांपासून जिवतीस राहत आहेत’ हें मराठीप्रमाणें निर्दोष आहे. इंग्रजीची चाल मात्र निराळी. ती आज नीट पाहूं.

प्रथम रचना. ह्या काळाचीं अंगें दोन : ‘हॅव’ किंवा ‘हॅज’ हें साहाय्यक क्रियापद, आणि मुख्य क्रियापदाचें तिसरें रूप. ‘ही’, ‘शी’, ‘इट’ व एकवचनी नाम ह्यांस ‘हॅज’, इतरांस ‘हॅव’. ‘गो, वेन्ट, गॉन’ ह्यांतील तिसरें रूप ‘गॉन’. म्हणून ‘शी हॅज वेन्ट’ हें अशुद्ध व ‘शी हॅज गॉन’ हें शुद्ध. नकार असल्यास ‘नॉट’ हा शब्द दोन्ही अंगांच्या मध्यें येतो. प्रश्न असल्यास ‘हॅज’ कर्त्याच्या आधीं जातें.

येथें मराठी आपणांस एक फसवणूक करते. ‘मुलांनीं आंबा खाल्ला आहे’, ‘मुलांनीं भाकरी खाल्ली आहे’ ह्या वाक्यांत क्रियापद कर्माच्या मागें चालतें. इंग्रजींत तें कर्त्याच्याच मागें चालतें. आंबा एक असला तरी मुलें अनेक आहेत. म्हणून ‘द बॉइज हॅव ईटन अ मँगो’ असेंच लिहावें.

आतां उपयोग. क्रिया मागें घडली, पण तिचा धागा आजपर्यंत पोंचतो, तेव्हां हा काळ योजावा. ‘ही हॅज गॉन टु चंद्रपूर’ म्हणजे तो चंद्रपुरास गेला असून अद्याप परतला नाहीं. ‘ही हॅज बीन टु चंद्रपूर’ म्हणजे तो तेथें जाऊन आला आहे.

संपलेली वेळ सांगितली कीं हा काळ चालत नाहीं. ‘काल मीं माणिकगड पाहिला होता’ ह्याचें भाषांतर मुलें ‘आय हॅड सीन’ असें करितात. शुद्ध वाक्य ‘आय सॉ माणिकगड यस्टरडे’ हें होय. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजीं निर्माण झाला. तेथें ‘वॉज फॉर्म्ड’ म्हणावें. पण तेव्हांपासून तो जिल्हा आहे असें सांगावयाचें असल्यास ‘हॅज बीन अ डिस्ट्रिक्ट सिन्स १९८२’ असें म्हणावें. ‘सिन्स’ आरंभ दाखवितो, ‘फॉर’ मुदत दाखवितो. म्हणून आरंभींचें वाक्य असें होईल : ‘माय ग्रँडफादर हॅज लिव्हड इन जिवती फॉर फॉर्टी इयर्स.’

हा भेद केवळ परीक्षेपुरता आहे असें समजूं नका. २००६ सालच्या वनहक्क कायद्यांत इतर पारंपरिक वननिवासी कोण ह्याची व्याख्या आहे. १३ डिसेंबर २००५ च्या पूर्वीं निदान तीन पिढ्या जो वनांत राहत आला आहे व निर्वाहासाठीं वनावर अवलंबून आहे, तो. पिढी म्हणजे पंचवीस वर्षें. कायद्याच्या इंग्रजी पाठांत वास्तव्याचें क्रियापद ह्याच काळांत आहे : ‘हॅज रिझाइडेड’. दावा ग्रामसभेपुढें मांडावयाचा असतो आणि तो व्याकरणावर नव्हे, पुराव्यावर ठरतो, हें खरें. परंतु घरांतील कागदाचें इंग्रजी करण्याचें काम उद्यां तुमच्याकडेच येईल. तेव्हां ‘अवर फॅमिली लिव्हड हिअर’ असें लिहाल, तर कुटुंब गांव सोडून गेलें असें वाचणारा समजूं शकेल. ‘अवर फॅमिली हॅज लिव्हड हिअर’ असें लिहाल, तर चूल अजून तेथेंच पेटते हें त्याला कळेल. आजोबा निवर्तले असतील तर त्यांच्यापुरतें ‘लिव्हड’ हेंच खरें. नांदत्या घराला मात्र ‘हॅज लिव्हड’ पाहिजे.

अभ्यासार्थ पुढील वाक्यांचें इंग्रजी करा :
१. वडील बाजाराला गेले आहेत.
२. आम्हीं परवां धान कापलें.
३. ती तीन वर्षांपासून ह्या शाळेंत शिकत आहे.
४. तूं कधीं वाघ पाहिला आहेस काय?

प्रत्येक वाक्य लिहिण्यापूर्वीं एकच प्रश्न मनाला विचारा : ही गोष्ट संपली, कीं तिचा धागा अजून हातांत आहे?