लीपनंतरचं दुखणं

प्रश्न : वय 52, भोपाळ. पाळी दीड वर्षापासून बंद. पाच महिन्यांपूर्वी गर्भाशयमुखावर लीप (विजेच्या तारेनं बिघडलेला भाग कापून काढण्याची छोटी शस्त्रक्रिया) झाली. अजून आग होते, ओटीपोट दुखतं. नातेवाईक म्हणतात, पिशवीच काढून टाक.

उत्तर : ताई, पिशवीची घाई नको. लीपची जखम साधारण चार-सहा आठवड्यांत भरते, म्हणजे कारण दुसरं शोधायला हवं. आग, कोरडेपणा, संबंधांच्या वेळी वेदना हे बहुधा इस्ट्रोजेन घटल्यामुळे. योनीत लावायच्या इस्ट्रोजेन क्रीमनं काही आठवड्यांत फरक पडतो. (स्तनाचा कर्करोग झालेला असेल तर डॉक्टरांना आधी सांगा.)

ओटीपोटाचं दुखणं मला जास्त खटकतं. पाळी गेल्यावर लीप झाली की गर्भाशयमुख आकसून बंद होण्याचा धोका वाढतो. मग आत रक्त किंवा स्राव साचतो. बाहेर काही दिसत नाही, म्हणून ते निसटतं. सोनोग्राफीत साचलेलं कळतं आणि मुख रुंद करून मोकळं करता येतं. ‘वयानुसार होतंच’ एवढ्यावर समाधान मानू नका. लीपचा बायोप्सी अहवाल घेऊन हमीदिया रुग्णालयाच्या किंवा एम्सच्या स्त्रीरोग विभागात जा, पुढची एचपीव्ही (गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण ठरणारा विषाणू) तपासणी कधी तेही विचारा. थेंबभर रक्त दिसलं तरी त्याच आठवड्यात दाखवा.