*जुना लेथ, ड्रिल मशीन स्वतः घरी आणताय? आधी हे वाचा*



बागा खाली झाल्या, खरड छाटणीपर्यंत थोडी उसंत आहे. ब्लोअर, ट्रॉली, मांडवाचे अँगल यांची दुरुस्ती घरीच व्हावी म्हणून बरेच जण अंबड-सातपूरकडे जुना लेथ किंवा पिलर ड्रिल बघतायत. विचार चांगला आहे. पण हायड्राचं भाडं वाचवायच्या नादात माणसाचा पाय मशीनखाली जातो. म्हणून आजचा सल्ला पिकाचा नाही, वाहतुकीचा.

*1) वजन आधी, गाडी नंतर*
सहा फुटी लेथ पाऊण टनाच्या आसपास भरतो, जड बांधणीचा असेल तर टनाच्याही वर. अंदाजावर जाऊ नका, मशीनवरची पाटी वाचा. गाडीच्या आरसीवर एकूण वजन आणि रिकामं वजन लिहिलेलं असतं. दोन्हीतला फरक म्हणजे गाडीची क्षमता. छोट्या हत्तीला असा लेथ झेपत नाही, पिकअप करा. ओव्हरलोडला 20,000 रुपये दंड आणि वरच्या प्रत्येक टनाला 2,000 रुपये आहेत.

*2) सुटं होईल ते सुटं करा*
चक, मोटर, टेलस्टॉक काढून वेगळे ठेवा. वजन कमी होतं आणि वस्तू फुटत नाहीत. लेथचं अंग बिडाचं असतं. बीड वाकत नाही, आपटलं की सरळ तडकतं. पिलर ड्रिल वरून जड असतं, म्हणून डोकं आणि टेबल खाली आणून घट्ट करा, मग आडवं झोपवा. कॉम्प्रेसर असेल तर टाकीतली हवा पूर्ण सोडा.

*3) उचलताना*
लेथचा जड भाग हेडस्टॉककडे असतो. मधोमध पट्टा लावला तर त्या बाजूने खाली जातो. पट्टे बेडखालून घ्या, लीड स्क्रू किंवा स्पिंडलला कधीच नको. कॅरेज टेलस्टॉकच्या बाजूला सरकवून लॉक करा. आधी फक्त चार बोटं उचला, तोल बघा, मग पुढे.
पट्टे लांब घ्या. 800 किलोच्या मशीनला दोन पट्ट्यांमधला कोन 60 अंश असेल तर प्रत्येकावर साधारण 460 किलो ताण येतो. पट्टे आखूड पडून कोन 120 अंश झाला तर प्रत्येकावर पूर्ण 800 किलो!

*4) बांधणी*
हेडस्टॉक केबिनकडे, वजन मागच्या चाकांच्या थोडं पुढे. खाली लाकडी ठोकळे, लोखंडावर लोखंड नको, घसरतं. जोरात ब्रेक लागला की मशीन वजनाच्या 80 टक्के जोराने पुढे ढकलतं, वळणावर 50 टक्के. म्हणजे 800 किलोला पुढच्या बाजूने 640 किलोचा जोर धरायचा आहे. सुतळी, नायलॉन दोरी चालत नाही. रॅचेटचे पट्टे चारही कोपऱ्यांना लावा. पाच किलोमीटरवर गाडी थांबवून पट्टे परत ताणा, ते हमखास ढिले होतात.

*5) ट्रॅक्टर ट्रॉली शक्यतो नको*
बहुतेक ट्रॉल्यांना ब्रेक नसतो. आणलीच तर *डंपिंग करून मशीन उतरवू नका.* मशीन घसरायला लागलं की कोणाच्याच हातात राहत नाही.

*6) शेवटचे दोनशे मीटर*
खरा धोका मळ्यातल्या रस्त्यावर आहे. काळी जमीन ओली असेल तर हायड्राचं चाक रुततं आणि क्रेन कलते. रस्ता आदल्या दिवशी बघा, पाऊस झाला असेल तर दिवस बदला. वर वीजतारा असतील तिथे हायड्रा उभीच करू नका.
फळ्यांवरून उतरवणार असाल तर तीन फूट उंचीला किमान बारा फुटी फळी घ्या. त्या उतारावरसुद्धा 800 किलोचं मशीन जवळपास 200 किलोने खाली ओढतं, म्हणून मागून चेन पुलीने धरून सोडा. उताराच्या खालच्या बाजूला कोणीही उभं राहू नये. सपाट जागेवर पाइपचे तुकडे आणि पहार पुरते. हुकूम एकाच माणसाचा. लहान मुलं लांब.

*सगळ्यात महत्त्वाचं:* मशीन कलंडायला लागलं तर हात लावू नका, बाजूला व्हा. मशीन परत मिळतं, पाय मिळत नाही.

*7) कागद आणि वीज*
पावती गाडीत ठेवा. विकणारा जीएसटीवाला असेल आणि राज्यातल्या राज्यात माल एक लाखाच्या वर असेल तर ई-वे बिल मागा. शेतीपंपाच्या कनेक्शनवर वर्कशॉप चालवणं हा अनधिकृत वापर धरला जातो. महावितरणकडे वेगळ्या कनेक्शनचं आधी विचारा, मगच थ्री फेज मशीन घ्या.

एकाच आठवड्यात दोघा-तिघांना मशीन आणायचं असेल तर ग्रुपवर कळवा. हायड्रा एकत्र ठरवली तर भाडं वाटून जातं.

– आपला कृषी सल्लागार, निफाड