दुकानासाठी प्रिंटर घेताना

व्यापारी बांधवांनो,

मुरूड, श्रीवर्धन, म्हसळा आणि अलिबाग परिसरातील आपले अनेक बांधव सुपारी, मासळी, शिवणकाम, फर्निचर, झेरॉक्स आणि प्रवासी तिकिटे अशा धंद्यांत आहेत. आज बहुतेकांना बिल, चलन, कोटेशन किंवा अर्ज छापून द्यावा लागतो. मात्र प्रिंटर घेताना आपण फक्त यंत्राची किंमत विचारतो. त्यामुळे चार हजारांत घेतलेले यंत्र दोन वर्षांत पंधरा-वीस हजारांची शाई पिऊन टाकते. म्हणून या विषयाची थोडी ओळख करून घेणे जरूर आहे.

लिहून ठेवण्याची ताकीद

कुरआन शरीफमधील सर्वांत मोठी आयत व्यवहाराबद्दल आहे. सूरह बकरामधील या २८२व्या आयतीत मुदतीचा देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवावा, रक्कम लहान असो वा मोठी, लिहिण्याचा कंटाळा करू नये, असा हुकूम आहे. कागद स्वच्छ असेल तर दोन भावांत उधारीवरून वाद होत नाही. म्हणून बिल छापणे हा केवळ दिखाव्याचा विषय नाही. ते बिल पाच-सहा वर्षांनीही वाचता आले पाहिजे.

कायदाही हेच सांगतो. जीएसटी १ जुलै २०१७ रोजी सुरू झाला. नोंदणी केलेल्या व्यापाऱ्याने वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने हिशेब जपावा लागतो. मालाच्या बिलाच्या तीन प्रती लागतात: मूळ प्रत ग्राहकाला, दुसरी वाहतूकदाराला आणि तिसरी विक्रेत्याकडे.

प्रिंटरचे चार प्रकार

१) डॉट मॅट्रिक्स : यात बारीक पिना शाईच्या रिबिनीवर आपटतात. कार्बनच्या कागदावर एका फटक्यात तीन प्रती निघतात. धूळ चालते, रिबिन स्वस्त मिळते. पण आवाज मोठा असतो आणि उर्दू नस्तालीक किंवा देवनागरीची बारीक वळणे ९ पिनांच्या यंत्रावर नीट येत नाहीत. गोदाम, वखार, ट्रान्सपोर्ट यांना हे योग्य. मात्र तीन प्रतींसाठी कार्बनच हवा असे नाही, दुसऱ्या यंत्रावर तीन वेळा छापले तरी चालते.

२) थर्मल : उष्णतेने काळा होणारा कागद यात वापरतात, शाई लागत नाही. किराणा किंवा खानावळीच्या रोखीच्या पावतीला ठीक. पण हा कागद ऊन, उष्णता आणि तेलाने फिका पडतो. उधारीचे बिल किंवा सांभाळून ठेवायचा हिशेब यावर ठेवू नये. ठेवायचाच असेल तर त्याची झेरॉक्स काढावी.

३) इंकजेट : शाईचे सूक्ष्म थेंब कागदावर उडवणारे यंत्र. यात दोन जाती आहेत. एकात लहान कार्ट्रिज असते, ते संपले की नवे घ्यायचे. दुसऱ्यात बाटलीतून शाई भरण्याची टाकी असते. एप्सन कंपनीने २०१० मध्ये इंडोनेशियात अशी टाकीची यंत्रे आणली, मग इतर कंपन्यांनीही ती काढली. रंगीत काम, लग्नपत्रिका, फोटो यासाठी इंकजेट चांगले.

४) लेसर : यात शाई नसून टोनर नावाची भुकटी असते. ती गरम रोलरखाली कागदावर वितळून चिकटते. अक्षर स्वच्छ येते, वेग चांगला असतो आणि भुकटी वाळून बंद पडत नाही. काळ्या छपाईच्या कार्यालयाला हे योग्य. छापताना मात्र ते एकदम जास्त वीज ओढते, म्हणून लहान यूपीएस किंवा इन्व्हर्टरवर चालवू नये.

पानाचा हिशेब करा

यंत्राच्या किमतीबरोबर एका पानाचा खर्च काढावा. कार्ट्रिजची किंमत भागिले त्यातून निघणारी पाने, इतकेच. कंपन्या पानांचा आकडा ठरलेल्या नमुना-पानावरून देतात. आपल्या पानावर फोटो किंवा जाड पट्टे असतील तर पाने कमी निघतात.

उदाहरणादाखल आकडे घेऊ. कार्ट्रिजचे यंत्र ४,००० रुपयांना, कार्ट्रिज ८०० रुपयांचे आणि पाने २००. म्हणजे पानाला ४ रुपये. टाकीचे यंत्र १२,००० रुपयांना, बाटली ४०० रुपयांची आणि पाने ४,०००. म्हणजे पानाला १० पैसे.

महिन्याला ३०० पाने छापली तर वर्षाला ३,६०० पाने होतात. पहिल्या वर्षी कार्ट्रिजच्या यंत्राला ४,००० अधिक १४,४०० म्हणजे १८,४०० रुपये लागतील. टाकीच्या यंत्राला १२,००० अधिक ३६० म्हणजे १२,३६०. स्वस्त यंत्र पहिल्याच वर्षी सहा हजारांनी महाग पडले.

आता महिन्याला फक्त ३० पाने समजा. पाच वर्षांत १,८०० पाने होतील. कार्ट्रिजचा एकूण खर्च ११,२०० आणि टाकीचा १२,१८०. शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडे पानाला ५ रुपये दिले तर ९,००० रुपयांत काम होते. तेव्हा इतक्या कमी कामासाठी यंत्र न घेणेच शहाणपणाचे. शेजाऱ्यालाही रोजी मिळते.

बाजारभाव बदलतात, म्हणून दुकानात जाण्यापूर्वी आपले आकडे घालून हा हिशेब स्वतः करावा.

आपल्या किनाऱ्याची हवा

जून ते सप्टेंबर आपल्याकडे हवा दमट असते, त्यात खाऱ्या वाऱ्याची भर. ओलसर कागद वाकतो, यंत्रात अडकतो आणि लेसरची भुकटी त्यावर नीट चिकटत नाही. कागदाचे रीम जमिनीवर किंवा भिंतीला टेकवून ठेवू नये. प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून फळीवर ठेवावे आणि लागतील तेवढेच कागद काढावेत. काम संपल्यावर यंत्रावर कापड टाकावे.

इंकजेटची शाई वापर नसेल तर तोंडाशी वाळते. म्हणून आठवड्यातून एकदा तरी सगळे रंग असलेले एक पान छापावे. जो महिनोन्महिने दुकान बंद ठेवतो, त्याने लेसर घ्यावे.

मासळीच्या व्यापाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. साधी डाय शाई पाण्याने पसरते, ओल्या हातात बिल गेले की आकडा पुसला जातो. पिगमेंट शाई किंवा लेसरचे बिल जास्त टिकते.

३ जून २०२० च्या निसर्ग वादळात आपल्या किनाऱ्यावर विजेचे खांब कोसळले होते, हे आपण विसरलो नाही. छापील बिलबुक आणि कार्बन दुकानात नेहमी असू द्या.

खरेदी करताना

• जवळचे सर्व्हिस सेंटर कुठे आहे ते आधी विचारा. दुरुस्तीला पनवेलला न्यावे लागत असेल तर येण्याजाण्याचा खर्चही किमतीत धरा.
• हमी वर्षांची आहे की पानांची, ते वाचा. पुष्कळदा दोन्हींपैकी जे आधी संपेल ते धरतात.
• बीआयएसचे नोंदणी चिन्ह पाहा. पक्के बिल घ्या.
• आपले रोजचे एक पान घेऊन जा आणि ते दुकानातच छापून बघा. उर्दू लागत असेल तर उर्दूचे पान न्या.
• तक्रार ऐकली गेली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करता येतो.

हप्त्यावर घेण्याचा मोह टाळावा. बिनव्याजी हप्ता असे म्हणतात, पण शून्य टक्के व्याज अशी गोष्टच अस्तित्वात नाही, असे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना कळविले. व्याज दुसऱ्या नावाने घेतले जाते किंवा रोखीची सूट आपल्याला मिळत नाही. दोन-तीन महिने पैसे साठवून रोखीने घेतलेले यंत्र स्वस्त पडते आणि मनही स्वच्छ राहते.

ग्राहकाचे कागद ही अमानत

ज्यांचे झेरॉक्सचे किंवा अर्जाचे दुकान आहे त्यांच्यासाठी शेवटची गोष्ट. आखातात नोकरीला जाणारी मुले पासपोर्ट, आधार, दाखले आपल्याकडे छापायला देतात. ते कागद संगणकात आणि मोबाइलमध्ये राहून जातात. दुसऱ्या कोणाच्या हाती लागले तर त्या मुलाचे नुकसान होऊ शकते. ही अमानत आहे. काम झाल्याबरोबर फाइल पुसावी आणि बिघडलेली प्रत फाडून टाकावी.

यंत्र कोणतेही असो, हिशेब स्वच्छ आणि अमानत सलामत असली पाहिजे. अल्लाह आपल्या सर्वांच्या हलाल रोजीत बरकत देवो, आमीन.